हरवलेल्या प्रकाशाचा हिशेब

लॅबच्या अहवालावर 'हिमोग्लोबिन १२.०' असं छापून येतं, तेव्हा कुणी हिमोग्लोबिन वेगळं काढून त्याचं वजन केलेलं नसतं. नमुन्यातून प्रकाश पाठवलेला असतो, पलीकडे तो किती पोचला हे मोजलेलं असतं, आणि जेवढा पोचला नाही त्यावरून आकडा काढलेला असतो. साखर, क्रिएटिनिन, बिलिरुबिन, कोलेस्टेरॉल, एसजीपीटी हे आकडेही बहुतेक लॅबमध्ये याच वाटेने येतात. यंत्राला कळतं ते इतकंच, की प्रकाश कमी झाला. तो कुणी घेतला, हे त्याला कळत नाही. रक्तात तर प्रकाश घेणारे आणि अडवणारे अनेक जण एकत्र असतात. त्यांतल्या नेमक्या एकाच्या नावावर किती प्रकाश मांडायचा, ही या शास्त्राची खरी अडचण आहे. गेल्या दीडशे वर्षांतली बहुतेक हुशारी तिथेच खर्ची पडली आहे.

सुरुवात जर्मनीत झाली. हायडेलबर्गला बुन्सेन आणि किर्शहॉफ यांनी १८५९-६० मध्ये वर्णपटदर्शक वापरून दाखवून दिलं की प्रत्येक मूलद्रव्याला प्रकाशाच्या पट्ट्यात स्वतःच्या खुणा असतात. त्यानंतर लवकरच ट्युबिंगेनमध्ये फेलिक्स होप्पे-सायलर हे रसायनशास्त्रज्ञ काम करू लागले. त्यांची प्रयोगशाळा तिथल्या जुन्या किल्ल्याच्या स्वयंपाकघरात होती. त्यांनी पातळ केलेल्या रक्तातून सूर्यप्रकाश नेला, पलीकडे लोलक ठेवला आणि १८६२ मध्ये लिहून ठेवलं की पिवळ्या-हिरव्या भागात दोन काळे पट्टे दिसतात. आजच्या मोजणीत ते साधारण ५४१ आणि ५७७ नॅनोमीटरला येतात. रक्त लाल दिसतं, कारण हिरवा आणि जांभळा प्रकाश हिमोग्लोबिन ठेवून घेतं आणि लाल जाऊ देतं. म्हणूनच रक्ताचा लालपणा मोजायला हिरवा प्रकाश लागतो. नव्या विद्यार्थ्याला हे पहिल्यांदा उलटं वाटतं. पण जो रंग आपल्याला दिसतो, तो पदार्थाने टाकून दिलेला असतो.

होप्पे-सायलर यांचं निरीक्षण वाचून केंब्रिजच्या जॉर्ज स्टोक्स यांनी एक पाऊल पुढे टाकलं. त्यांनी रक्तात लोहाचा एक क्षार मिसळला. हा क्षार ऑक्सिजन ओढून घेतो. बघता बघता रक्ताचा रंग जांभळटला, दोन पट्टे पुसले गेले आणि त्यांच्या मधोमध एकच रुंद पट्टा आला. मग स्टोक्स यांनी नळी हवेत हलवली, आणि दोन पट्टे परत आले. शरीरात जे फुप्फुसात आणि पेशींजवळ घडतं, ते त्यांनी काचेच्या नळीत घडवून दाखवलं. हे १८६४ साल. हिमोग्लोबिन हे नाव होप्पे-सायलर यांनी त्याच वर्षी दिलं. रक्त ऑक्सिजन कसं वाहतं याचा इतका सरळ पुरावा त्याआधी कुणाच्या हाती नव्हता. तो मिळाला फक्त रंगाकडे नीट बघून.

पट्टा दिसला म्हणजे पदार्थ आहे, इतकं ठरलं. पण किती आहे, हे सांगायला नियम हवा. तो तुकड्यातुकड्यांनी जमला होता: १७२९ मध्ये बुगेर, १७६० मध्ये लाम्बर्ट, १८५२ मध्ये बेअर. समजा, द्रावणाचा एक सेंटिमीटर जाडीचा थर अर्धा प्रकाश घेतो. मग दुसरा तसाच थर उरलेल्या अर्ध्यातला अर्धा घेतो, म्हणजे पाव उरतो. तिसऱ्यानंतर एक-अष्टमांश. प्रत्येक थर सारखा भाग घेतो, सारखं माप नव्हे. हीच गोष्ट द्रावण दाट केल्यावरही होते. त्यामुळे पलीकडे पोचलेल्या प्रकाशाचा आकडा सरळ वापरता येत नाही. त्याचा लॉगॅरिदम घ्यावा लागतो. तो घेतला की मिळणारी संख्या पदार्थाच्या प्रमाणात सरळ रेषेत वाढते. तिला ॲबसॉर्बन्स म्हणतात, लॅबमध्ये बोलताना नुसतं 'ओडी'. ओडी १ म्हणजे दहा टक्के प्रकाश पोचला, २ म्हणजे एकच टक्का. त्याच्या पुढे यंत्रातला भटका प्रकाश खऱ्या प्रकाशाला भारी पडू लागतो. म्हणून साखर फार वाढलेली असेल, तर टेक्निशियन नमुना पातळ करून पुन्हा लावतो.

आता हिमोग्लोबिनच्या मोजणीकडे येऊ. मला ती या सगळ्या शाखेतली सर्वांत देखणी कामगिरी वाटते. अडचण अशी की रक्तातलं हिमोग्लोबिन एका रूपात नसतं. काही ऑक्सिजनसह, काही ऑक्सिजनविना, बिडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या रक्तात काही कार्बन मोनॉक्साइडला चिकटलेलं, आणि थोडं मेथहिमोग्लोबिन, ज्यातलं लोह ऑक्सिडीभूत झालेलं असतं. प्रत्येकाचा वर्णपट वेगळा. मग मोजायचं कुणाला? डेव्हिड ड्रॅबकिन यांनी १९३० च्या दशकात रूढ केलेला उपाय सगळ्यांना एकाच रंगात आणण्याचा आहे. रक्ताचा थेंब एका फिकट पिवळ्या द्रावणात पडतो. त्यातलं पोटॅशियम फेरिसायनाइड हिमोग्लोबिनमधल्या लोहाचं ऑक्सिडीकरण करतं. त्यातलं सायनाइड लगेच त्या लोहाला घट्ट चिकटतं. काही मिनिटांत जवळपास सगळं हिमोग्लोबिन सायनमेथहिमोग्लोबिन होतं. ते टिकाऊ आहे, आणि ५४० नॅनोमीटरला त्याचं शोषण नेमकं माहीत आहे. १९६० च्या दशकात हीच पद्धत जगभरासाठी प्रमाण ठरली.

हिशेबही कागदावर करून पाहण्याजोगा आहे. २० मायक्रोलिटर रक्त ५ मिलिलिटर द्रावणात घातलं, की रक्त २५१ पट पातळ होतं. एक सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये, म्हणजे नमुना ठेवायच्या पात्रात, ५४० नॅनोमीटरला जो ओडी येईल, त्याला साधारण ३६.८ ने गुणलं की दर डेसिलिटरला किती ग्रॅम हिमोग्लोबिन ते मिळतं. बाई गरोदर नसेल, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषाप्रमाणे १२ च्या खाली रक्तक्षय. १२ ग्रॅमला ओडी येतो ०.३२६, म्हणजे ४७.२ टक्के प्रकाश पलीकडे पोचतो. गरोदर बाईसाठी पहिल्या आणि शेवटच्या तिमाहीत मर्यादा ११. त्याला ५०.२ टक्के, जवळजवळ निम्मा. पूर्ण एका ग्रॅमचा फरक प्रकाशात फक्त तीन टक्क्यांचा आहे.

चांगलं यंत्र हा फरक सहज पकडतं. चूक होते ती यंत्राच्या आधी. पिपेटने २० ऐवजी २१ मायक्रोलिटर रक्त ओढलं, किंवा पिपेटच्या बाहेरून लागलेलं रक्त पुसायचं राहिलं, तर ११.५ चं १२.१ होतं. रक्तक्षय असलेली बाई कागदावर निरोगी ठरते, आणि तिला लोहाच्या गोळ्या मिळत नाहीत. प्रकाशाने इथे काही चुकीचं केलेलं नसतं. त्याच्यासमोर जे ठेवलं, ते त्याने बरोबर मोजलं.

ड्रॅबकिनच्या द्रावणातल्या सायनाइडचं प्रमाण थोडं असतं, पण ते सायनाइडच आहे. त्यात आम्ल पडलं तर विषारी वायू सुटतो, म्हणून त्याचा कचरा सिंकमध्ये ओतायचा नसतो. याच कारणाने मोठ्या स्वयंचलित यंत्रांपैकी अनेक आता सोडियम लॉरिल सल्फेट वापरतात. शाम्पू आणि टूथपेस्टमध्ये फेस आणणारा हाच पदार्थ. तो पेशी फोडतो, हिमोग्लोबिनला एका ठरावीक रूपात आणतो, आणि काम होतं.

आपल्याकडच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत मात्र कित्येक दशकं साहलीची पद्धत चालली. नळीत सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल, त्यात २० घनमिलिमीटर रक्त, तपकिरी रंग आला की शेजारच्या काचेच्या रंगाशी जुळेपर्यंत थेंब थेंब पाणी. इथे प्रकाशमापक म्हणजे परिचारिकेचा डोळा, आणि दिवा म्हणजे खिडकीतून येणारा उजेड. ढगाळ दिवशी आणि भर दुपारी एकच रक्त वेगळं वाचलं जाई. दहा मिनिटं थांबायचं असतं. रांग मोठी असली की तेवढा वेळ कुणाकडे नसे. ज्यांनी ही पद्धत वर्षानुवर्षं नेटाने चालवली, त्यांच्याबद्दल मला आदर आहे. तरी तिच्यातून निघालेल्या आकड्यांवर धोरण ठरवणं धोक्याचंच होतं.

तिची जागा घेतली ती बोटातल्या थेंबावर चालणाऱ्या छोट्या यंत्रांनी. स्वीडनमध्ये जन्मलेलं हिमोक्यू हे त्यातलं सर्वांत प्रसिद्ध. त्याच्या प्लॅस्टिकच्या क्युव्हेटमध्ये रसायनं आधीच सुकवून ठेवलेली असतात. रक्त पातळ करायचं नसतं, म्हणून दोन भिंतींमधलं अंतर मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास ठेवलेलं आहे. थर इतका पातळ, की दाट रक्तातूनही प्रकाश आरपार जातो. यंत्र दोन तरंगलांबींना मोजतं. ५७० नॅनोमीटरला हिमोग्लोबिन प्रकाश शोषतं. ८८० ला ते जवळजवळ काही शोषत नाही, त्यामुळे तिथे जो प्रकाश हरवतो तो गढूळपणामुळे. एकातून दुसरा वजा.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) अशाच यंत्राने, बोट टोचून मोजणी झाली. महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचं त्यात निघालं, देशभरात ५७ टक्के. या आकड्यांवर तज्ज्ञांमध्ये मोठा वाद आहे. बोट दाबून थेंब काढला, की रक्तात ऊतींमधला द्रव मिसळतो आणि हिमोग्लोबिन कमी दिसू शकतं. २०१६-१८ च्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात लहान मुलांचं रक्त शिरेतून काढून लॅबमध्ये तपासलं, तेव्हा रक्तक्षयाचं प्रमाण बोटाच्या रक्तावर झालेल्या सर्वेक्षणापेक्षा बरंच कमी आलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या मार्गदर्शनातही शक्य तिथे शिरेतलं रक्त आणि स्वयंचलित यंत्र वापरायला सांगितलं आहे. यावरून आपल्याकडे रक्तक्षय नाही असा अर्थ कुणी काढू नये. तो आहे आणि फार आहे. पण योजना यशस्वी झाली की फसली, हे दोन-चार टक्क्यांच्या फरकावरून सांगायचं असेल, तर थेंब कसा काढला हेही विचारावं लागतं.

गढूळपणाचा मुद्दा वर निसटता आला. त्यावर थोडं थांबायला हवं, कारण प्रकाशमापनातला तो जुना शत्रू आहे. रक्तात चरबी खूप असेल, तर त्यातला द्रव दुधासारखा दिसतो. चरबीचे सूक्ष्म कण प्रकाश शोषत नाहीत, त्याला विखरून टाकतात. पण प्रकाश पलीकडे पोचला नाही, म्हणून यंत्र त्याचा हिशेब शोषणातच धरतं, आणि हिमोग्लोबिन खोटं वाढतं. रक्ताच्या कर्करोगात पांढऱ्या पेशी लाखांच्या घरात गेल्या, तरी असंच होतं. अनुभवी टेक्निशियनला हे यंत्राच्या आधी कळतं. हिमोग्लोबिनच्या साधारण तिप्पट पीसीव्ही, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचा टक्का, यायला हवा, हा ठोकताळा त्याच्या मनात असतो. तो मोडला, लाल पेशीतलं हिमोग्लोबिनचं प्रमाण अशक्य इतकं वर गेलं, की तो नळी उचलून उजेडात धरतो. ही सवय शिकवावी लागते, आणि ती टिकवणं यंत्र बदलण्याइतकंच महत्त्वाचं आहे.

ज्या पदार्थांना रंगच नाही, त्यांचं काय? ग्लुकोज पाण्यासारखं पारदर्शक. त्याला रंग आणण्यासाठी दोन विकरांची साखळी वापरतात. पहिलं विकर बुरशीपासून मिळतं. ते इतर साखरांकडे जवळपास ढुंकूनही पाहत नाही, फक्त ग्लुकोज उचलतं आणि त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतं. दुसरं विकर त्या पेरॉक्साइडचा वापर करून गुलाबी रंग घडवतं, आणि ५०५ नॅनोमीटरच्या आसपास तो मोजतात. निवड प्रकाशाने केलेली नाही, विकराने केली. प्रकाश फक्त मोजणीला आला.

क्रिएटिनिनला असा चोखंदळ मदतनीस सुरुवातीला नव्हता. माक्स याफे यांनी १८८६ मध्ये पिक्रिक आम्लाबरोबर त्याचा नारिंगी रंग दाखवला, आणि तीच अभिक्रिया आजही असंख्य लॅबमध्ये चालते. दोष असा, की कीटोन, प्रथिनं, काही प्रतिजैविकंसुद्धा पिक्रिक आम्लाला रंग आणतात. यावरचा तोडगा सुंदर आहे. काही घुसखोर पहिल्या वीसेक सेकंदांत रंग देऊन मोकळे होतात. प्रथिनं सावकाश, नंतर येतात. क्रिएटिनिनचा वेग मधला. मग मधल्या काही सेकंदांतच रंग किती वाढला तेवढं मोजायचं. तरंगलांबीने जे वेगळं होत नाही, ते घड्याळाने बरंचसं वेगळं केलं.

एसजीपीटी हे यकृतातलं विकर मोजताना तर रंग दिसतच नाही. तिथे ३४० नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश लागतो. एनएडीएच नावाचा रेणू तो शोषतो, आणि वापरून झाला की शोषत नाही. जर्मनीत ओट्टो वारबुर्ग यांनी १९३० च्या दशकात ही गोष्ट हेरली. यकृताचं विकर जितकं जास्त, तितका हा रेणू लवकर संपतो आणि तितका प्रकाश दर मिनिटाला जास्त पोचू लागतो. १९४१ मध्ये अमेरिकेत बेकमन यांचं डीयू हे यंत्र आलं आणि अतिनील प्रकाश सामान्य प्रयोगशाळेच्या आवाक्यात आला.

नवजात बाळाच्या काविळीत मात्र रंग आयता असतो. बिलिरुबिन पिवळं आहे, ४५५ नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशात ते ठळक दिसतं. पण बाळाच्या टाचेतून रक्त घेताना थोड्या लाल पेशी फुटतात, आणि सुटलेलं हिमोग्लोबिनही तिथे शोषतं. सुदैवाने ऑक्सिजनयुक्त हिमोग्लोबिन ४५५ ला जेवढं शोषतं, तेवढंच ५७५ लाही शोषतं, आणि ५७५ ला बिलिरुबिन गप्प असतं. दुसरा आकडा पहिल्यातून वजा केला, की उरतं ते बिलिरुबिन. एकही रसायन लागत नाही. मोठ्यांमध्ये ही युक्ती चालत नाही, कारण गाजर, पालेभाज्या, आंबा यांतलं पिवळं कॅरोटीन त्यांच्या रक्तात असतं. बाळाने अजून यातलं काही खाल्लेलं नसतं.

याच बिलिरुबिनची एक गोष्ट इंग्लंडमधल्या रॉचफर्ड रुग्णालयातली आहे. १९५६ च्या उन्हाळ्यात तिथल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या विभागातल्या सिस्टर वॉर्ड बाळांना थोडा वेळ उन्हात नेत असत. एका बाळाच्या अंगावर जिथे चादरीचा कोपरा होता, तेवढीच जागा पिवळी राहिली आणि बाकी अंग उजळलं, हे त्यांनी डॉक्टरांना दाखवलं. पुढे एका बाळाच्या रक्ताची नळी काही तास खिडकीत उन्हात राहून गेली. तिच्यातलं बिलिरुबिन अपेक्षेपेक्षा पुष्कळ कमी निघालं. त्यातून तिथल्या डॉ. क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रकाशोपचार उभा केला, १९५८ मध्ये तो लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झाला, आणि आज निळ्या दिव्याखाली निजलेली बाळं आपल्या तालुक्याच्या रुग्णालयातही दिसतात. जो निळा प्रकाश बिलिरुबिन मोजतो, तोच त्याचं रूप बदलतो. म्हणून बिलिरुबिनचा नमुना अंधारात ठेवायचा असतो. लॅबमध्ये ही सूचना अनेकदा कारण न सांगता दिली जाते. कारण सांगितलं तर ती जास्त पाळली जाईल, असं मला वाटतं.

दोन तरंगलांबी कधी कधी पुरत नाहीत, याचं एक जीवघेणं उदाहरण आपल्या न्हाणीघरातलं आहे. बंद खिडकीच्या बाथरूममध्ये गॅस गिझर चालू राहिला, तर ज्वलन अपुरं होतं, कार्बन मोनॉक्साइड साचतो आणि माणूस कोसळतो. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर साधारण ६६० आणि ९४० नॅनोमीटर एवढ्या दोनच प्रकाशांवर चालतो. कार्बन मोनॉक्साइडने भरलेलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनयुक्तासारखंच दिसतं, आणि आकडा समाधानकारक येतो. इथे रक्ताचा नमुना को-ऑक्सिमीटरमध्ये घालावा लागतो. ते यंत्र अनेक तरंगलांबींना शोषण मोजतं आणि दहावीच्या गणितातली एकसामयिक समीकरणं सोडवावीत तशी चार अज्ञातं काढतं: ऑक्सिजनसह, ऑक्सिजनविना, कार्बन मोनॉक्साइडसह आणि मेथहिमोग्लोबिन. चार अज्ञातांना किमान चार समीकरणं हवीत, दोन दिव्यांनी ती मिळत नाहीत. अशा रुग्णाला ऑक्सिमीटर लावून 'ठीक आहे' म्हणून घरी पाठवणं कधीही होऊ नये.

त्वचेबाहेरून साखर मोजण्याचा दावा करणारी घड्याळं आणि अंगठ्या बाजारात दिसतात, त्यांच्याबद्दलही इथेच सांगायला हवं. हिमोग्लोबिन दर डेसिलिटरला १२-१४ ग्रॅम असतं आणि गडद रंगाचं असतं. साखर ग्रॅमचा दहावा भाग असते आणि तिला रंग नसतो. अवरक्त प्रकाशात तिची खूण आहे, पण तिथे पाणीच सगळीकडे शोषत असतं. रामन यांनी १९२८ मध्ये कोलकात्यात शोधलेल्या परिणामाने ती खूण जास्त स्पष्ट दिसते, म्हणून त्या दिशेने संशोधन नेटाने चालू आहे. परंतु फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने स्पष्ट बजावलं, की त्वचा न टोचता स्वतःहून साखर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला वा अंगठीला त्यांनी मान्यता दिलेली नाही. त्या आकड्यावर इन्सुलिन ठरवणं धोक्याचं आहे.

आणि काही फरक असे असतात, की प्रकाशाला कितीही तरंगलांबी दिल्या तरी दिसत नाहीत. नंदुरबारच्या भिल्ल आणि पावरा, गडचिरोलीच्या माडिया आणि गोंड समाजांत सिकलसेलचं प्रमाण मोठं आहे. सिकलसेलचं हिमोग्लोबिन आणि साधं हिमोग्लोबिन यांचा रंग तंतोतंत सारखा. रंग लोह असलेल्या हीमचा असतो, आणि बिघाड असतो प्रथिनाच्या साखळीत, एका अमिनो आम्लाच्या जागी. गावात होणाऱ्या प्राथमिक चाचणीत म्हणून गढूळपणाच कामाला लावला आहे. ऑक्सिजन काढून घेणाऱ्या दाट क्षारद्रावणात सिकलचं हिमोग्लोबिन विरघळत नाही. नळीमागे धरलेल्या रेघा दिसेनाशा झाल्या, तर चाचणी सकारात्मक. वाहक आणि रुग्ण यांत मात्र ती फरक करत नाही. तो करायला एचपीएलसी लागतं. त्यात हिमोग्लोबिनचे प्रकार एका नळकांड्यातून वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात, आणि तोंडाशी ४१५ नॅनोमीटरचा प्रकाश त्यांची वाट पाहत असतो. आधी कोण आलं हे वेळेवरून कळतं, किती आलं हे प्रकाशावरून. वाहकात सिकलचं हिमोग्लोबिन बहुधा ३५ ते ४० टक्के निघतं. सोबत अल्फा थॅलसेमिया हा हिमोग्लोबिनचा दुसरा आनुवंशिक विकार असेल तर त्याहून कमी, आणि आपल्या आदिवासी भागांत तो असणं नवल नाही. नवरा-बायको दोघंही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते. म्हणून समुपदेशक एकट्या बाईचा आलेख बघून थांबत नाहीत, नवऱ्याचंही रक्त मागवतात.